लहान गाड्यांच्या टायरबद्दल मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
व्हँकूवर आणि आसपासच्या शहरांतल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी व स्वयंसेवक यांस,



भारतातून किंवा टोरांटोकडून नव्याने इथे आलेल्या घराला पहिला आधार आपला असतो. भाड्याचं घर कुठे शोधावं, मुलांना शाळेत कसं घालावं, गाडीच्या विम्यासाठी भारतातला चालवण्याचा अनुभव कसा दाखवावा, ताजा कढीपत्ता कुठे मिळतो, इथपर्यंत सगळं आपण सांगता. त्यात आणखी एका गोष्टीची भर घालावी, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. ती गोष्ट म्हणजे लहान गाडीचे हिवाळ्यातले टायर.

नवा माणूस हा प्रश्न विचारत नाही असं नाही. सेकंडहँड होंडा फिट किंवा टोयोटा यारिस घेतली की ऑक्टोबरात तो कुणाला तरी विचारतोच, "विंटर टायर घ्यावे लागतील का हो?" उत्तर येतं, "छे, हे काय एडमंटन आहे? इथे नुसता पाऊस." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. नव्या संसारातला एक मोठा खर्च टळावा, एवढंच त्याच्या मनात असतं. पण हा सल्ला चुकीचा आहे आणि तो मंडळाच्या व्यासपीठावरूनच खोडून काढायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आधी हवेचं बोलू. जानेवारीत व्हँकूवरचं सरासरी तापमान शून्याच्या वर चार अंशांच्या आसपास असतं. बहुतेक दिवस पाऊस, ओला रस्ता, आणि पहाटे एखाद्या पुलावर गोठलेलं दहिवर. मात्र फ्रेझर नदीच्या खोऱ्यातून नाहीतर हाऊ साउंडमधून उत्तरेची गार हवा खाली उतरली आणि नेमकी त्याच वेळी पॅसिफिकवरून ओल आली, की बर्फ पडतो. तो शून्याच्या आगेमागे पडतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. प्रेअरीतला उणे वीसचा बर्फ कोरडा असतो, बुटाखाली करकरतो. इथला बर्फ पाणी धरून असतो. गाड्यांखाली तो दाबून घट्ट होतो, दुपारी वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. शून्याजवळच्या बर्फावर पाण्याचा पातळ पदर असतो, त्यामुळे तो कडाक्याच्या थंडीतल्या बर्फाहून जास्त घसरडा असतो. विनिपेगला वर्षानुवर्षं बिनधास्त गाडी चालवलेली माणसं इथे पहिल्याच चढावर हतबल होतात, त्यात त्यांच्या चालवण्याचा दोष नसतो.

त्यात आपला भाग डोंगरउताराचा. सायमन फ्रेझर विद्यापीठाचा कॅम्पस बर्नबी माउंटनवर साडेतीनशे मीटरहून उंच आहे. खाली स्कायट्रेनच्या स्टेशनवर पाऊस आणि वर कॅम्पसवर बर्फ, असं एकाच वेळी असू शकतं. नॉर्थ व्हँकूवर, वेस्ट व्हँकूवर, न्यू वेस्टमिन्स्टर, कोक्विटलम, कुठेही राहा, घरी पोचायला एखादा तरी चढ लागतोच. जोडबसही या चढांवर अडकतात. ट्रान्सलिंकने २०१७-१८च्या हिवाळ्यात बसच्या चाकांना कापडी मोजे चढवून पाहिले होते, ते त्यामुळेच.

डिसेंबर २०१६मधला बर्फ आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. गल्लीबोळांत तो आठवडेच्या आठवडे गोठून राहिला. जानेवारी २०१७च्या सुरुवातीला व्हँकूवर शहराने अग्निशमन केंद्रांवर फुकट मीठ ठेवलं, तर ते न्यायला लोकांची झुंबड उडाली. २९ नोव्हेंबर २०२२ची संध्याकाळ तर ताजीच आहे. कचेऱ्या सुटायच्या वेळेला बर्फ सुरू झाला आणि अ‍ॅलेक्स फ्रेझर पुलावर माणसं तासन् तास गाडीत अडकून पडली. पुलाच्या चढावर एका गाडीची चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि ती आडवी झाली, की तिच्यामागे सगळा रस्ता थांबतो. मागच्या गाड्यांत लहान मुलं असतात, मधुमेहाची म्हातारी माणसं असतात, रात्रपाळीला निघालेल्या नर्स असतात. त्यांच्या गाडीला उत्तम टायर असून काही उपयोग नसतो. म्हणून टायर ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असं मला वाटत नाही. मंडळाने यात लक्ष घालावं असं म्हणते ते याचसाठी.

कायदा थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल फार गैरसमज आहेत. व्हँकूवर शहरातल्या रस्त्यांवर विंटर टायरची सक्ती नाही. प्रांताच्या बहुतेक महामार्गांवर मात्र १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल अशी सक्ती आहे, आणि ज्यांवर मोठे घाट नाहीत अशा काही महामार्गांवर ती ३१ मार्चला संपते. हॉर्सशू बेच्या पुढे व्हिस्लरकडे निघालात की सक्तीची पाटी लागते. होपहून मेरिट आणि कमलूप्सकडे जाणाऱ्या कोक्विहाला महामार्गावर लागते. व्हँकूवर बेटावर मालाहाटच्या घाटातही लागते. टायरवर 'एम प्लस एस' हा शिक्का किंवा डोंगर-हिमकणाचं चिन्ह हवं, आणि नक्षीची खोली किमान ३.५ मिलिमीटर हवी. नसेल तर १२१ डॉलर दंड, वर परत पाठवणार. मुलगा कमलूप्सला शिकायला असतो, नाताळात चार घरं मिळून व्हिस्लरला जातात. म्हणजे ज्याला आपण 'शहरापुरती गाडी' म्हणतो, ती हिवाळ्यातून एकदोनदा तरी घाटात जातेच.

यातला 'एम प्लस एस'चा शिक्का मला मुळीच पटत नाही. चिखल आणि बर्फ असा त्याचा अर्थ सांगतात, पण तो मिळतो टायरच्या नक्षीच्या आकारावरून, म्हणजे खाचा किती रुंद आणि किती मोकळ्या यावरून. त्यासाठी टायर बर्फावर चालवून बघावा लागत नाही. साध्या ऑल सीझन टायरवरही हा शिक्का सर्रास असतो. डोंगर-हिमकणाचं चिन्ह वेगळं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण, असं ते चित्र १९९९पासून उत्तर अमेरिकेत वापरात आहे. ते मिळवायला दाबलेल्या बर्फावर चाचणी होते आणि ठरवून दिलेल्या मानक टायरपेक्षा पकड ठरावीक प्रमाणात जास्त दिसावी लागते. या चिन्हालाही मर्यादा आहे. चाचणी बर्फात गाडी पुढे ओढण्याची असते, काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक लावण्याची नसते. चिन्ह आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. चिन्हाशिवायचा टायर मात्र हिवाळ्यासाठी घेऊच नये. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे आणि तिथे नुसता 'एम प्लस एस' चालत नाही. आपल्या प्रांतात चालतो, आणि त्यामुळे दुकानात आपली माणसं फसतात.

आता कुठला टायर घ्यावा, या मुद्द्याकडे येते.

टायरचं रबर थंडीत कडक होतं. उन्हाळी टायर लवकर कडक होतो, ऑल सीझन थोडा उशिरा, आणि विंटर टायरचं रबर सिलिका वगैरे घालून मुद्दाम असं केलेलं असतं की ते उणे तापमानातही मऊ राहतं. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसाएवढ्या बारीक चिरा असतात. चाक दाबलं गेलं की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. दुकानदार सांगतात की पारा सात अंशांखाली गेला की विंटर टायर लावायचे. अल्बर्टात हा नियम ठीक आहे. तो जसाच्या तसा इथे लावला तर नोव्हेंबर ते मार्च गाडी विंटर टायरवर राहील, आणि त्यातले बहुतेक दिवस रस्ता फक्त ओला असेल, चारपाच अंशांचा. ओल्या रस्त्यावर खऱ्या विंटर टायरला ब्रेक लावून थांबायला चांगल्या ऑल सीझन टायरपेक्षा बऱ्याचदा जास्त अंतर लागतं. मऊ रबर आणि चिरांमुळे ठोकळे लवचिक होतात, तेच इथे आड येतं. आपल्या भागात पाऊस हा रोजचा धोका आहे आणि बर्फ हा कधीतरीचा, पण मोठा. टायरला दोन्ही जमलं पाहिजे.

म्हणून माझं मत असं. जो माणूस बर्नबी, सरे, रिचमंड इथे राहतो, रोज कामावर गाडी नेतो आणि हिवाळ्यातून एकदोनदा व्हिस्लर किंवा कमलूप्सला जातो, त्याने लहान गाडीला चार 'ऑल वेदर' टायर लावावेत. ऑल सीझन नव्हेत, ऑल वेदर. यांच्यावर डोंगर-हिमकणाचं चिन्ह असतं, रबर हिवाळ्याचा विचार करून बनवलेलं असतं, आणि ते बारा महिने गाडीवर राहतात. नोकियनने हा प्रकार इकडे रुजवला. आता मिशेलिनचे क्रॉसक्लायमेट २, टोयोचे सेल्सियस, फायरस्टोनचे वेदरग्रिप असे बरेच मिळतात. कुठला ब्रँड घ्यावा यावर मंडळाने मत देऊ नये, प्रकार कुठला घ्यावा यावर जरूर द्यावं. उन्हाळ्यात ते थोडे लवकर झिजतात, काहींचा आवाज जरा जास्त येतो. दोन संच ठेवायला जागा नसलेल्या, अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्या माणसाला हा तोटा परवडतो.

खरे विंटर टायर कुणी घ्यावेत? दर शनिवारी स्कीइंगला जाणाऱ्यांनी, होपच्या पलीकडे नोकरी असलेल्यांनी, आणि ज्यांच्या घराकडचा रस्ता इतका चढाचा आहे की तिथे मीठवाली गाडी शेवटी पोचते, त्यांनी. त्यांनी वेगळ्या स्टीलच्या रिमवर ते बसवून घ्यावेत, म्हणजे दरवेळी टायर रिमवरून उतरवायचा खर्च आणि ताण वाचतो.

लहान गाडीची बाजू इथे जमेची आहे, हे आपली माणसं विसरतात. "फिटसारख्या हलक्या गाडीला बर्फात काय जमणार, एसयूव्हीच घे," असं सांगून त्यांना नसत्या कर्जात ढकललं जातं. २०१५ ते २०२० या काळातली होंडा फिट, म्हणजे भारतात आपण जिला जॅझ म्हणत होतो ती, मूळ १८५ मिलिमीटर रुंदीच्या टायरवर येते. अरुंद टायर पाणी आणि पातळ बर्फ कापत खाली रस्त्यापर्यंत पोचतो, रुंद टायर त्याच्यावर तरंगू बघतो. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते आणि इंजिनाचं वजन त्याच चाकांवर असतं. आणि टायरचा आकार लहान म्हणून किंमतही कमी. चारही चाकांनी ओढणारी एसयूव्ही चढ चढेल, पण उतारावर थांबायच्या वेळी तिलाही टायरचाच आधार असतो, आणि थांबवायचं वजन जास्त असतं. तिची उंची फक्त खोल बर्फात उपयोगी, आणि तो इथे क्वचित पडतो.

फिटच्या काही मॉडेलांना १६ इंची रिम येते, टायर १८५/५५आर१६. हिवाळ्यासाठी वेगळा संच घेणार असाल तर १५ इंची रिमवर १८५/६०आर१५ घ्या. हिशेब असा: १८५चे ५५ टक्के दोन वेळा आणि १६ इंच, मिळून चाकाचा व्यास सुमारे ६१० मिलिमीटर. १८५चे ६० टक्के दोन वेळा आणि १५ इंच, मिळून ६०३. फरक जेमतेम एक टक्का, स्पीडोमीटरला तो जाणवतही नाही. १५ इंची टायर स्वस्त, त्याची भिंत उंच, त्यामुळे बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाकायची भीती कमी. घेण्याआधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल बघायचं आणि आपल्या मॉडेलच्या ब्रेकवर १५ इंची रिम बसते का, ते दुकानात विचारायचं.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर सरेतल्या एका इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नुकत्याच आलेल्या जोडप्याची गाडी बघायला गेले होते. जुनी फिट, बाहेरून चकाचक. विकणाऱ्याने "नवे टायर टाकलेत" असं सांगितलं होतं. पुढचे दोन खरंच नवे होते, रबराचे बारीक केस अजून तसेच. मागे जाऊन गुडघ्यावर बसले आणि फोनचा उजेड पाडला. टायरच्या भिंतीवर डीओटीपुढच्या लांब क्रमांकाच्या शेवटी चार आकडे होते, २२१६. म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा. खाचेत बोट घातलं तर पेराला जेमतेम काही लागलं. खाचेच्या तळाशी झीज दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर, आणि रबर जवळजवळ त्यांच्या पातळीला आलं होतं. पुढे पकड, मागे काहीच नाही. अशी गाडी ओल्या किंवा गोठलेल्या वळणावर मागून सुटते आणि स्वतःभोवती फिरते, आणि तिला सावरणं नवशिक्याच्या आवाक्यातलं नसतं. चारही जुने असते तर निदान त्यांनी ती जपून चालवली असती. त्या मुलीच्या मांडीवर तान्हं बाळ होतं. त्या दोघांना हे आधी सांगणारं कुणीच भेटलं नव्हतं.

चारही टायर एकाच प्रकारचे हवेत, हे म्हणूनच जोर देऊन सांगा. पैसे कमी आहेत म्हणून दोनच घेऊ, पुढे लावू, हा आपल्याकडचा नेहमीचा विचार, आणि तो घातक आहे. जुने टायर ऑनलाइन बाजारात घेणाऱ्यांना ते चार आकडे वाचायला शिकवा. नक्षी मोजायचं छोटं मापक काही डॉलरना मिळतं. मंडळाने दहा-बारा घेऊन ठेवले तर घरोघर फिरतील. हवेचंही सांगा. तापमान पाच-सहा अंश उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने उतरतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये भरलेली हवा डिसेंबरात कमीच असते.

पैशाचा प्रश्न मी टाळत नाही. चार ऑल वेदर टायर बसवून, करासकट, लहान गाडीलाही हजार डॉलरच्या आतबाहेर जातात. पहिल्या नोकरीच्या शोधातल्या माणसाला, किंवा रात्री जेवणाचे डबे पोचवून फी भरणाऱ्या विद्यार्थ्याला ही रक्कम मोठी आहे. आणि तोच विद्यार्थी बर्फाच्या रात्री सगळ्यात जास्त रस्त्यावर असतो. मॅनिटोबाच्या सरकारी विमा कंपनीने २०१४पासून विंटर टायरसाठी कमी व्याजाचं कर्ज द्यायला सुरुवात केली. ऑन्टारियोत २०१६पासून विंटर टायर लावणाऱ्याला सूट देणं विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. आपल्या प्रांतातही मूळ विमा सरकारी कंपनीकडेच आहे, मग मॅनिटोबासारखी कर्जयोजना इथे मागायला काय हरकत आहे? एकट्या मंडळाचं निवेदन कुणी वाचणार नाही कदाचित. गुजराती, पंजाबी, तमिळ, फिलिपिनो संघटनांना सोबत घेतलं तर आमदारांना ते वाचावंच लागेल. हे काम मराठी मंडळांनी पुढाकार घेऊन करावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

निवेदनाला वेळ लागेल. दसऱ्याला लागणार नाही. दसऱ्याला आपण सगळे गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता, महामार्गावरची सक्ती सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. दरवर्षी तो याच्या आसपासच येतो, फार तर दोनतीन आठवडे पुढे. टायरच्या दुकानात तेव्हा गर्दी नसते. पहिला बर्फ पडल्यावर मात्र आठवड्याभराची वाट बघावी लागते आणि लहान आकाराचे टायर आधी संपतात. तेव्हा दसऱ्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाच्या पार्किंगमध्ये एक टेबल मांडा. मापक घेतलेले दोन स्वयंसेवक, एक हवेचा पंप, आणि मराठीत छापलेला एक कागद: डोंगर-हिमकणाचं चिन्ह आहे का, चारही सारखे आहेत का, नक्षी ३.५ मिलिमीटरहून जास्त आहे का, शेवटचे चार आकडे काय सांगतात. ज्यांना जमणार नाही, त्यांना बर्फाच्या दिवशी गाडी बाहेर काढू नका, स्कायट्रेनने जा, असं स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा नाही.

यंदाच्या कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि दसऱ्याच्या निमंत्रणातच टायर तपासणीची वेळ छापावी, ही विनंती. टेबलावर बसायला मी येईन, आणखी चारपाच जणांना घेऊन येईन.

आपली,
बर्नबीतील एक सभासद